चार अंकांच्या मालिकेचा ऐंशीवा अंक

१९९१च्या जुलैची तारीख असलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’च्या मुखपृष्ठावर एक बारीकशी थट्टा छापलेली आहे: चार अंकांच्या मर्यादित मालिकेतला हा ऐंशीवा अंक. थट्टा असली तरी ती खरी होती. १९८४ साली मार्व्हलने हे कॉमिक काढलं ते चार अंकांपुरतंच. हॅस्ब्रोची नवी खेळणी बाजारात येत होती, त्यांना हातभार लागावा एवढाच हेतू होता. चार अंक झाले, खेळणी धडाधड खपत होती, म्हणून पाचवा निघाला आणि मग सात वर्षं गाडी थांबली नाही. ऐंशीव्या अंकावर दुकान बंद झालं. पण त्याच कथेचा एक्क्याऐंशीवा अंकही पुढे निघाला. लेखक तोच, चित्रकार तोच, प्रकाशक मात्र दुसरा, आणि साल २०१२. मधल्या एकवीस वर्षांत हीच पात्रं घेऊन इतरांनी दोनदा पहिल्यापासून मांडामांड केली होती.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. मागच्या दिवाळीत त्याने विचारलं, “मामा, हे सगळं क्रमाने वाचायचंय. सुरुवात कुठून करू?” मी म्हटलं, “कुठल्या क्रमाने?” त्याला वाटलं मी टोलवतोय. मग त्याने स्वतःच एक्सेलमध्ये तक्ता केला. पहिल्या ओळीत सायबरट्रॉन ग्रहाचा जन्म, शेवटच्या ओळीत त्याचा अंत, आणि मधल्या ओळी नऊ रंगांत. तक्ता खरोखर देखणा होता. तीन आठवड्यांत गडी अकराव्या ओळीवर बसला तो उठलाच नाही. “कंटाळा आला, मामा. कोण कोणाशी का भांडतंय तेच कळत नाही.” हा लेख त्या अकराव्या ओळीमुळे सुचला.

मुळात ‘क्रमाने’ हा शब्दच फसवा आहे. गोष्टीतल्या घटना ज्या ओळीने घडल्या तो एक क्रम, अंक ज्या ओळीने छापले गेले तो दुसरा. छोट्या मालिकेत हे दोन्ही एकच असतात, म्हणून आपल्याला फरक जाणवत नाही. चाळीस वर्षं चाललेल्या, चार प्रकाशकांच्या हातून गेलेल्या मालिकेत त्यांचा एकमेकांशी ताळमेळ राहत नाही. आपल्याला हे नवं वाटायला नको. महाभारत सुरू होतं नैमिषारण्यात, सौती सांगायला बसतो तिथून. अर्जुनाचा पणतू जनमेजय सर्पसत्र करतोय हे आपल्याला आधी कळतं आणि अर्जुन जन्मतो फार नंतर. घटनाक्रमाने महाभारत लावून दाखवणारी पुस्तकं मुलांसाठी निघतात. मोठ्यांना त्यांची फारशी गरज पडत नाही.

आधी हे बघू की या मालिकेत काळाचा गुंता झाला कसा. खेळणी मूळ जपानी. टाकारा कंपनीची ‘डायाक्लोन’ आणि ‘मायक्रोमॅन’ या नावाखालची, यंत्रमानवाचं रूप घेणाऱ्या गाड्यांची आणि बंदुकांची खेळणी हॅस्ब्रोने उचलली. खेळणी होती पण गोष्ट नव्हती. गोष्टीचा पहिला आराखडा मार्व्हलचे संपादक जिम शूटर यांनी लिहिला. ऑप्टिमस प्राइम हे नाव डेनी ओनील यांनी दिलं, आणि बाकी बहुतेक सगळ्या पात्रांची नावं नि स्वभाव बसवले बॉब बुडियान्स्की यांनी. पाचव्या अंकापासून पुढची चार वर्षं कथाही जवळजवळ एकट्या बुडियान्स्कींनीच लिहिली.

त्यांच्या डोक्यावर दर काही महिन्यांनी नव्या खेळण्यांची यादी येऊन पडायची. नवी पात्रं आणायची तर जुन्यांना कुठेतरी ठेवायला हवं, आणि गोष्टीत जागा करायचा सोपा उपाय म्हणजे मारणं. पन्नासाव्या अंकाच्या आसपास खलनायक स्टारस्क्रीमला अफाट शक्ती मिळते आणि तो डझनभर जुन्या पात्रांना एका फटक्यात संपवतो. वाचणाऱ्या पोराला ती शोकांतिका वाटली. प्रत्यक्षात दुकानाच्या फळीवरून जी खेळणी उतरली होती, बव्हंशी तीच मेली. म्हणून ही मालिका छापल्या क्रमाने वाचताना खेळण्यांच्या बाजाराचं पंचांग हाती असलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. कथेच्या तर्काला न जुमानता कोणी अचानक उगवलं, तर तो त्या वर्षीचा नवा माल समजावा.

यातलं माझं सर्वांत आवडतं मरण ऑप्टिमस प्राइमचं, चोविसाव्या अंकातलं. शत्रुपक्षाचा प्रमुख मेगाट्रॉन याच्याशी त्याची लढाई होते ती व्हिडिओ गेमच्या आत. हरेल त्याने मरायचं अशी अट असते. ऑप्टिमस जिंकतो, पण जिंकताना गेममधली काही निरपराध पात्रं मरतात. खोटी, पडद्यावरची पात्रं. तरीही तो म्हणतो की मी फसवून जिंकलो, म्हणजे हरलोच, मला उडवा. आणि उडवतात. त्याचं मन एका फ्लॉपी डिस्कवर उतरून ठेवलेलं असतं, त्यामुळे सतराएक अंकांनी तो परत येतो. हे सगळं हास्यास्पद आहे हे मला कळतं. पण शब्द पाळायचा म्हणून मरणारा नायक आणि फ्लॉपी डिस्क हे दोन्ही एकाच पानावर बसवणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो.

आता ब्रिटन. खरा घोटाळा इथेच झाला. तिथल्या मार्व्हलने १९८४च्या सप्टेंबरात स्वतःचा अंक सुरू केला. आधी पाक्षिक, पुढे साप्ताहिक, १९९२च्या जानेवारीपर्यंत एकूण ३३२ अंक. अमेरिकेतून महिन्याला बाविसेक पानांची एक गोष्ट यायची. साप्ताहिकाला ती दोन आठवड्यांत संपायची. उरलेल्या आठवड्यांचं काय? मग लंडनमध्ये नव्या गोष्टी लिहायला सुरुवात झाली. त्या लिहिणाऱ्यांत सायमन फर्मन हा तरुण होता, आणि या साऱ्या प्रकरणात शेवटपर्यंत टिकलेलं नाव त्याचंच. त्याचं काम दोन रुळांच्या मधल्या जागेत घर बांधण्यासारखं होतं. पुढची अमेरिकन गोष्ट कुठे जाणार यावर त्याची सत्ता नव्हती. तरी आपली गोष्ट अशी संपवायची की पुढच्या आठवड्यात अमेरिकन पान जोडलं तर शिवण दिसू नये.

शिवण दिसायचीच. पंचविसाव्या अमेरिकन अंकात मेगाट्रॉन मेल्यासारखा होतो. ब्रिटनला मेगाट्रॉन हवा होता, म्हणून त्यांनी त्याला परत आणून आपल्या गोष्टींत वापरला. काही काळाने अमेरिकनांनीही त्याला परत आणलं, अर्थात मधल्या ब्रिटिश गोष्टींचा मागमूस न ठेवता. आता दोन मेगाट्रॉन झाले. फर्मनने मग ‘टू मेगाट्रॉन्स’ नावाचीच गोष्ट लिहिली आणि खुलासा केला की इतके दिवस ब्रिटनमध्ये वावरणारा मेगाट्रॉन ही स्ट्रॅक्सस या दुसऱ्या एका खलनायकाने बनवलेली प्रतिकृती होती. घटनाक्रमाने हे वाचणाऱ्याला तो एक ताणलेला, ओढूनताणून आणलेला भाग वाटेल. छापल्या क्रमाने, दोन्ही देशांचे अंक शेजारी ठेवून वाचलं, तर संकटातून सुटणाऱ्या लेखकाची कसरत दिसते आणि मजा तिथेच आहे.

उलटा प्रकारही झाला. ‘मॅन ऑफ आयर्न’ ही ब्रिटनची पहिली स्वतंत्र गोष्ट, स्टीव्ह पार्कहाउसने लिहिलेली. इंग्लंडातला जुना किल्ला, एक मुलगा, आणि त्या भागात शतकांपूर्वी दिसलेल्या लोखंडी माणसाची दंतकथा. सुंदर, संथ, जरा भुताटकीची. अमेरिकेत १९८७ साली दोन महिने वेळेवर मजकूर मिळाला नाही तेव्हा ही जुनी गोष्ट तेहतीस आणि चौतीस क्रमांकाच्या अंकांत घालून दिली. ऑप्टिमस प्राइम चोविसाव्यात मेलेला, आणि इथे ठणठणीत उभा. माझ्या पहिल्या वाचनात मी या जागी अडखळलो होतो. फोर्टच्या फुटपाथवर जुन्या मासिकांच्या ढिगात हे दोन अंक मिळाले होते, आधीचा-नंतरचा एकही नव्हता, आणि मी कित्येक महिने असं समजत होतो की ही मालिका इंग्लंडातल्या किल्ल्यांविषयी आहे.

ब्रिटिश अंकांचं शिखर म्हणजे १९८६ची ‘टार्गेट: २००६’. त्या वर्षी अमेरिकेत ऑगस्टमध्ये ट्रान्सफॉर्मर्सचा ॲनिमेशनपट आला, ब्रिटनमध्ये तो डिसेंबरात यायचा होता. मधल्या महिन्यांत फर्मनने सिनेमातला खलनायक गॅल्व्हाट्रॉन थेट २००६मधून १९८६मध्ये आणून टाकला. ब्रिटिश पोरांनी त्याला पडद्याआधी कागदावर पाहिला. भविष्यातून जो येतो त्याच्या वजनाइतकं काहीतरी वर्तमानातून अधांतरी फेकलं जातं, असा नियम. त्यामुळे गॅल्व्हाट्रॉन आला आणि ऑप्टिमस गायब झाला. त्याला परत पाठवण्याची युक्तीही कालक्रमाचीच. स्टारस्क्रीमला आपण २००६ साली मारलं हे गॅल्व्हाट्रॉनला ठाऊक आहे. त्याच्यासमोर १९८६मध्येच स्टारस्क्रीमच्या चिंधड्या उडाल्याचा देखावा केला जातो. म्हणजे हा माझा भूतकाळ नव्हेच, इथे काही बदललं तरी माझ्या काळात फरक पडायचा नाही, असं मानून तो निघून जातो. आठवड्याला अकरा पानं वाचणाऱ्या दहा वर्षांच्या मुलासाठी लिहिलेल्या गोष्टीत एवढी गुंतागुंत होती.

भाच्याच्या तक्त्यात ‘टार्गेट: २००६’ कुठे बसवायची? गॅल्व्हाट्रॉनच्या दृष्टीने ती सिनेमानंतर घडते, ऑप्टिमसच्या दृष्टीने वीस वर्षं आधी. त्याने ती दोन्हीकडे लिहिली होती, पुढे प्रश्नचिन्ह घालून. तक्त्यात मला सगळ्यात प्रामाणिक वाटलेली नोंद तीच.

शेवटी शेवटी ब्रिटनमध्ये पैसे आटले, स्वतंत्र गोष्टी पाच-सहा पानांच्या आणि काळ्या-पांढऱ्या झाल्या. त्या अमेरिकन कथेशी कुठेच जुळत नाहीत. जुळवायचे अनेक प्रयत्न झाले. मी म्हणतो, सोडा. त्या बाजूला काढून सुट्या वाचाव्यात, रविवारच्या पुरवणीतल्या गोष्टींसारख्या. फर्मन तोपर्यंत छप्पनाव्या अंकापासून अमेरिकन मालिकाही लिहू लागला होता, म्हणजे दोन्हीकडे तोच, आणि तरीही जुळत नव्हतं.

ऐंशीव्या अंकानंतरचा इतिहास भराभर उरकतो, कारण त्यात मधे मधे खड्डे आहेत. १९९३-९४मध्ये ‘जनरेशन २’ नावाने बारा अंक आले, तेही फर्मनचेच, जास्त रक्तरंजित, जास्त करडे. त्याची सुरुवात ‘जी. आय. जो’ या वेगळ्याच मालिकेच्या अंकांत केलेली आहे, हे न कळल्याने पुष्कळांना पहिला अंक अर्धवट वाटतो. मग २०१२चा एक्क्याऐंशीवा अंक, ‘रीजनरेशन वन’, तो ऐंशीव्यापासूनच पुढे निघतो आणि ‘जनरेशन २’ घडलंच नाही असं धरून चालतो. शंभरावर संपतो. म्हणजे एकाच लेखकाने एकाच अंकाची दोन भविष्यं लिहिली, अठरा-वीस वर्षांच्या अंतराने. यातलं खरं कोणतं, असं विचारण्यात अर्थ नाही. पहिलं तरुणाने लिहिलंय, दुसरं पन्नाशीकडच्या माणसाने, आणि ते वाचताना जाणवतं.

मधे कॅनडातल्या ड्रीमवेव्हने २००२ साली सगळं नव्याने सुरू केलं. त्यातलं ‘द वॉर विदिन’, फर्मनची कथा आणि डॉन फिगरोआची चित्रं, आजही वाचावं असं आहे. पृथ्वीवर येण्याआधीचं युद्ध त्यात आहे. २००५च्या जानेवारीत कंपनीचं दिवाळं वाजलं आणि तिसरा भाग अर्ध्यात तुटला, तो कायमचा. इथे ऑप्टिमस मूळचा ऑप्ट्रॉनिक्स नावाचा दप्तर सांभाळणारा कारकून असतो. १९८५च्या कार्टूनमध्ये तो ओरायन पॅक्स, गोदीतला कामगार. पुढे आयडीडब्ल्यू या प्रकाशकाच्या मालिकेत तोच ओरायन पॅक्स पोलिस. कारकून, हमाल, हवालदार: सगळं एका तक्त्यात कोंबायला बसलेल्याने आधी याचं उत्तर द्यावं. जपानमध्ये ओसामु तेझुका यांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला होता. त्यांचा यंत्रबालक आटम १९५१ साली दुसऱ्याच गोष्टीत दुय्यम पात्र म्हणून आला, १९५२पासून १९६८पर्यंत स्वतःच्या मालिकेत नांदला, आणि त्याच्या जन्माची आज संग्रहात सर्वांत आधी छापली जाणारी गोष्ट तेझुकांनी कितीतरी वर्षांनी, पुस्तकासाठी म्हणून काढली. पण ते घर एकाच माणसाचं होतं. त्याने जिना नंतर बांधला तरी चालतं.

आता खरा डोंगर, आयडीडब्ल्यू. २००५ ते २०१८, तेरा वर्षं, एकच सलग कथाविश्व, डझनभर लेखक. क्रमाचा वाद आज जो काही चालतो तो मुख्यतः याच्यावरून. आणि माझं म्हणणं ठाम आहे: पहिल्यांदा वाचताना हे घटनाक्रमाने वाचू नये.

कारण सांगतो. फर्मनने ही मालिका ‘इन्फिल्ट्रेशन’पासून सुरू केली. व्हेरिटी कार्लो नावाची भटकी, हात जरा लांब असलेली मुलगी. तिच्याकडे एक चोरलेला छोटा संगणक आहे. हंटर ओनियन हा कटकारस्थानांची भुतं शोधत फिरणारा पोरगा तिला आपल्या व्हॅनमध्ये लिफ्ट देतो. रस्त्यावर दोन गाड्या मागे लागतात, आणि त्या गाड्या गाड्या नाहीत. एक रुग्णवाहिका येऊन वाचवते, आणि तीही रुग्णवाहिका नाही. पुढे गॅरेजवाला जिमी त्यांच्यात सामील होतो. कितीतरी पानं आपल्याला या तिघांइतकंच माहीत असतं, म्हणजे काहीच नाही. कोणता वाईट, कोणता चांगला, ही यंत्रं इथे लपून काय करतायत, हे हळूहळू उकलत जातं. ऑप्टिमस प्राइमसारखा बडा असामी तर अगदी शेवटी येतो. सगळा डाव आपल्या अज्ञानावर उभा आहे.

पुढे प्रकाशकांनीच जाड बांधणीचे संग्रह काढले आणि त्यात गोष्टी शक्य तेवढ्या घटनाक्रमाने लावल्या. पहिला खंड उघडला की समोर येतं ‘मेगाट्रॉन ओरिजिन’, २००७ साली छापलेलं, लाखो वर्षांपूर्वी घडणारं. मग शॉकवेव्ह वगैरेंचे सुटे अंक. व्हेरिटी येते तोवर आपल्याला पृथ्वीखाली काय पुरलंय, कोणी पुरलंय, सगळं ठाऊक. व्हॅनच्या मागे गाड्या लागतात तेव्हा आपण त्यांना नावाने ओळखतो. भीती गेली. उरतो तो पाठलाग. भाच्याची अकरावी ओळ साधारण इथेच होती.

शॉकवेव्हवरच्या त्या सुट्या अंकाचं उदाहरण आणखी एका कारणासाठी घेण्यासारखं आहे. २००६ साली फर्मनने त्यात लिहिलं की शॉकवेव्हने प्राचीन काळी पृथ्वीसह काही ग्रहांवर ऊर्जेची बीजं पेरली. एका अंकापुरती, मालिकेचं रहस्य पुढे ढकलणारी कल्पना. सात वर्षांनी, २०१३मध्ये, जॉन बार्बर आणि जेम्स रॉबर्ट्स या दुसऱ्याच लेखकांनी तोच धागा उचलून ‘डार्क सायबरट्रॉन’ ही बारा भागांची महागोष्ट रचली. त्यात ती पेरणी म्हणजे सारा काळ आणि अवकाश गिळणाऱ्या योजनेचा पहिला टप्पा ठरते. घटनाक्रमाने वाचणाऱ्याला वाटतं, काय दूरदृष्टीची आखणी! छापल्या क्रमाने वाचणाऱ्याला दिसतं की कोणीतरी जुन्या कोठीतून विसरलेली पेटी काढून तिला नवं कुलूप लावलं. मला दुसरं दृश्य जास्त खरं आणि जास्त सुंदर वाटतं.

मेगाट्रॉनचं तर विचारूच नका. ‘मेगाट्रॉन ओरिजिन’मधला मेगाट्रॉन खाणकामगार, मारामारीत हात मुरलेला, आखाड्यातून टोळीप्रमुख झालेला. २००८च्या ‘ऑल हेल मेगाट्रॉन’मध्ये तो न्यूयॉर्क उद्ध्वस्त करून वर बसतो. लेखक शेन मॅकार्थी, चित्रं बहुतांश ग्विडो ग्विडीची. २०१२पासून ‘मोअर दॅन मीट्स द आय’ लिहिताना जेम्स रॉबर्ट्सने त्याच खाणकामगाराला राजकीय लेख लिहिणारा, कविता करणारा तरुण केलं. ‘शॅडोप्ले’ या तीन अंकांच्या जुन्या काळातल्या कथेत तो सायबरट्रॉनची व्यवस्था दाखवतो: तुझं शरीर ज्या वस्तूचं रूप घेतं तेच तुझं काम. ड्रिलिंग यंत्र झालास तर खाणीत, सूक्ष्मदर्शक झालास तर प्रयोगशाळेत, आणि बदल मागशील तर चेहरा आणि हात काढून घेऊ. ‘फंक्शनिझम’ असं तिथे त्याचं नाव आहे. मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. त्याला याचं दुसरं, घरातलं नाव माहीत आहे.

२०१४च्या अठ्ठाविसाव्या अंकात हाच मेगाट्रॉन ऑप्टिमसच्या पक्षाचं, म्हणजे ऑटोबॉटांचं, चिन्ह लावून ‘लॉस्ट लाइट’ जहाजाचा सहकप्तान होतो. जहाजावरचे बहुतेक त्याचा द्वेष करतात, आणि आपणही थोडा करावा अशीच अपेक्षा असते. त्यासाठी न्यूयॉर्क आधी पाहिलेलं लागतं. घटनाक्रमाने आलेला वाचक कवी मेगाट्रॉनला आधी भेटतो, मग क्रूर मेगाट्रॉनला, मग पश्चात्तापी मेगाट्रॉनला. एखाद्या सरळसोट चरित्रासारखं. छापल्या क्रमाने क्रूर आधी येतो, आणि कवी नंतर हळूच बाहेर पडून तुमच्या द्वेषाची पंचाईत करतो. दोन्हीकडे मजकूर तोच आहे, पुस्तक मात्र एकच वाटत नाही.

रॉबर्ट्सविषयी दोन ओळी. हा माणूस ब्रिटिश साप्ताहिकावर वाढला, मग मार्व्हलच्या ब्रिटिश कथेला पुढे नेणारी आख्खी कादंबरी त्याने हौसेने लिहून काढली, ‘युजेनेसिस’ नावाची. पुढे खुद्द मालिकाच त्याच्या हाती आली. त्याच्या लेखनात धागे फार लांबून सोडलेले असतात. जहाजावर एक मानसोपचारतज्ज्ञ आहे, नाव रंग. अंगाचा रंग नारिंगी, आणि हा योगायोग मराठीतच जमतो. त्याचं नाव कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि तो कशाचं रूप घेतो हे कोणालाच सांगता येत नाही. सहा वर्षं हा विनोद चालतो. पुढे काय होतं ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो की हा विनोद त्याच गतीने, त्याच क्रमाने, अंकामागून अंक पुरवला गेला नाही तर शेवटच्या अंकांना काही वजनच उरत नाही.

छापल्या क्रमाच्या बाजूने एवढं बोललो, तर त्याच्याही खोड्या सांगायला हव्यात. २०१६च्या ‘रेव्होल्यूशन’नंतर हॅस्ब्रोची इतर खेळणीही, रॉम, मायक्रोनॉट्स, जी. आय. जो, याच विश्वात घुसवली गेली. दर महिन्याला पाच-सहा अंक, एकमेकांत अडकलेले. तेव्हा छापल्या क्रमाने जाणं म्हणजे लोकल चुकू नये म्हणून प्रत्येक स्टेशनवर उतरणं. इथे निवड करायचीच. जहाजाच्याच नावाचं ‘लॉस्ट लाइट’ आणि जॉन बार्बरचं ‘ऑप्टिमस प्राइम’, दोन्ही पंचवीस-पंचवीस अंकांचे, मग २०१८चं ‘युनिक्रॉन’. बाकीचं ज्याला हौस त्याने. बहुतांश माइक कोस्टाने लिहिलेले २००९ ते २०११चे एकतीस अंकही भरभर उलटले तरी चालतील. मी दोनदा वाचले, दोन्ही वेळा कर्तव्य म्हणून.

घटनाक्रमाचं वाचन वाया जातं असं मात्र नाही. दुसऱ्यांदा वाचताना त्यासारखी मजा नाही. आधी ‘शॅडोप्ले’, मग ‘मेगाट्रॉन ओरिजिन’, मग ‘ऑटोक्रसी’, ‘मॉन्स्ट्रॉसिटी’, ‘प्रायमसी’ ही २०१२ ते २०१४ची पूर्वकथा, असं लावून वाचा. गावाचा जुना नकाशा आणि नवा नकाशा एकमेकांवर ठेवल्यासारखं होतं. कुठे रस्ता वाकवला, कुठे विहीर बुजवली, ते स्पष्ट दिसतं. पण त्यासाठी गावात आधी राहिलेलं असावं लागतं.

ज्यांना ही कटकट नको त्यांच्यासाठी दोन सोपी दारं आहेत. ब्रायन रकलीची २०१९ ते २०२२ची मालिका, ४३ अंक, युद्धाच्या आधीपासून सुरू होते आणि ओळीने पुढे सरकते. पहिल्याच अंकात खून होतो, आणि नुकत्याच जन्मलेल्या रबलला बंबलबी जग दाखवत फिरतो. सावकाश आहे, पण मन लावून लिहिलेली. दुसरं दार स्कायबाउंड या प्रकाशकाचं, २०२३च्या ऑक्टोबरपासून. डॅनियल वॉरेन जॉन्सनने लिहिलेली ही मालिका २०२४मध्ये आयस्नर पुरस्कारांत सर्वोत्तम चालू मालिका ठरली. तिथेही एक मेख आहेच. या विश्वाची खरी सुरुवात २०२३च्याच जूनमध्ये ‘व्हॉइड रायव्हल्स’ नावाच्या अंकात झाली, ज्याच्या मुखपृष्ठावर ट्रान्सफॉर्मर्सचं नावनिशाण नव्हतं. आत पानं उलटता उलटता जेटफायर उभा राहिला. ज्यांनी तो अंक त्या दिवशी काही कल्पना नसताना विकत घेतला त्यांना जे मिळालं ते आता कुठल्याच क्रमाने कोणाला मिळणार नाही.

ब्रिटनमध्ये हॅशेटने जुन्या अंकांचे जे खंड काढले त्यात तर आणखी एक क्रम शिरला. पुस्तकं घरी पोचत ती एका क्रमाने आणि पाठकण्यावरचे आकडे दुसऱ्याच क्रमाचे. फळीवर ती लावून ठेवलेल्या माणसाला विचारा, तू कुठल्या क्रमाने वाचलंस? तो बहुधा म्हणेल, जसं आलं तसं.

भाच्याला शेवटी मी तक्ता बाजूला ठेवायला लावला आणि एकाच माणसाचा माग काढ असं सांगितलं. व्हेरिटीचा. ‘इन्फिल्ट्रेशन’, ‘एस्कलेशन’, ‘डेव्हास्टेशन’, आणि मग २०१० सालचे ‘लास्ट स्टँड ऑफ द रेकर्स’चे पाच अंक. निक रोश आणि जेम्स रॉबर्ट्स यांचं हे काम मला साऱ्या पसाऱ्यातलं सर्वांत चांगलं वाटतं, आणि ‘मोअर दॅन मीट्स द आय’च्या आधी ते वाचलंच पाहिजे, कारण त्यातला खलनायक ओव्हरलॉर्ड पुढे तिथे येतो. त्यात आयर्नफिस्ट नावाचं एक पात्र आहे. शस्त्रं बनवणारा, लढाईपासून दूर राहिलेला, आणि टोपणनावाने रेकर्स या लढाऊ तुकडीच्या पराक्रमांची जंत्री लिहिणारा भक्त. कोण कुठल्या मोहिमेत होतं, कोण कधी मेलं, सगळं त्याला पाठ. एक दिवस त्याला खऱ्या मोहिमेवर नेतात. तिथे त्याला कळतं की ज्या नोंदींवर त्याने एवढं लिहिलं, त्यातली महत्त्वाची पानं आधीच काढून टाकलेली होती.

भाचा आता तिथे पोचलाय. काल त्याचा फोन आला होता. “मामा, व्हेरिटी यांच्यात कशी काय? ती तर व्हॅनमध्ये होती ना?”